ह. घ्या.

मंडळी, मधले दोन महिने रिलीज नावाच्या राक्षसाने सगळे विकांत गिळले, म्हणून इकडे फिरकलो नाही. आज बाहेर मुसळधार पाऊस आहे, स्वयंपाकाच्या मावशींनी दांडी मारली आहे, मॅगी खाऊन झालेली आहे. तेव्हा बरेच दिवस डोक्यात वळवळणारा एक किडा आज बाहेर काढतो.

विषय जरा लांबचा आहे. इंग्रज लोक फुटबॉलच्या निमित्ताने आयरिश माणसाची जी टिंगल करतात, टीव्हीवर, पबमध्ये, स्टेडियममध्ये, त्याचा आयरिश माणसाला राग येतो का? आणि यायला हवा का? तुम्ही म्हणाल, तुला रे काय पडलंय त्याचं? थांबा, सांगतो.

७ सप्टेंबर २०२४, शनिवार. मी तेव्हा मँचेस्टरला ऑनसाइट होतो. डब्लिनमध्ये आयर्लंड विरुद्ध इंग्लंड मॅच होती आणि आम्ही चौघं पबमध्ये जाऊन बसलो. एक स्टॉकपोर्टचा इंग्रज, आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. एक कॉर्कचा आयरिश, आमचा टेस्ट लीड. एक आमचाच तेलुगू दोस्त, ज्याला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं, तो चिप्ससाठी आला होता. आणि मी, २००८ च्या मॉस्को फायनलपासून मँचेस्टर युनायटेडच्या नावाने रात्री जागवणारा पुणेकर.

मॅच सुरू व्हायच्या आधीच एक धमाल झाली. आयर्लंडचे नवे कोच हाल्ग्रिम्सन, त्यांची ही पहिलीच मॅच, ते मैदानात आले आणि शांतपणे इंग्लंडच्या डगआउटकडे चालायला लागले. कोणीतरी त्यांना सांगितलं, साहेब, तुमचं दुकान पलीकडे. स्टॉकपोर्टवाल्याला कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. पॅडी, नकाशा, डावं-उजवं, सगळे स्टॉकमधले विनोद त्याने दोन मिनिटांत संपवले. मी चोरून कॉर्कवाल्याकडे बघितलं. म्हटलं आता ठिणगी पडणार. तर तो इतका हसत होता की बिअर नाकातून यायची बाकी होती. म्हणाला, "आणि तो माणूस आयरिश नाहीच आहे! आइसलँडचा आहे, शिकलाय दातांचा डॉक्टर. बावळटपणाच्या बाबतीत आम्ही स्वयंपूर्ण होतो, आता तोसुद्धा आयात करायला लागलो."

मग अकराव्या मिनिटाला गोल. मारला डेक्लन राइसने. सव्विसाव्या मिनिटाला दुसरा. मारला जॅक ग्रीलिशने. यातली मेख ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राइसचे आजी-आजोबा कॉर्कचे. तो २०१८ मध्ये आयर्लंडच्या सीनियर टीमकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि नंतर इंग्लंडकडे गेला. ग्रीलिश आयर्लंडच्या ज्युनियर टीम्समधून खेळून २०१५ मध्ये इंग्लंडकडे गेला. आणि त्या दिवशी इंग्लंडचे हंगामी कोच होते ली कार्स्ली, जे जन्माने बर्मिंगहॅमचे आणि खेळाडू म्हणून आयर्लंडचे. इंग्लंडचं राष्ट्रगीत म्हणणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि त्यावरून तिकडच्या पेपरांनी दोन दिवस गहजब केला होता. थोडक्यात, कोण कोणाकडून खेळतंय हे कळायला युएमएल डायग्राम लागावी अशी परिस्थिती. यावरही विनोद झाले. कॉर्कवाला यावरही हसला, जरा कमी, पण हसला.

मॅच २-० अशीच रडतखडत पुढे सरकत होती. आणि तेव्हा स्टॉकपोर्टवाला, अगदी मनापासून, कॉर्कवाल्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जाऊ दे रे. तुमचे फॅन्स मात्र जगात एक नंबर. हरले तरी गातात."

कॉर्कवाल्याने ग्लास खाली ठेवला. "हो का," एवढंच म्हणाला. नंतर शेवटपर्यंत काही बोलला नाही आणि शिट्टी वाजायच्या आधी जॅकेट उचलून निघून गेला.

मला काही झेपेना. बावळट म्हटलं तर हसला, कौतुक केलं तर उठून गेला! सोमवारी स्टँडअपनंतर कॉफी मशीनपाशी त्याला गाठलं. तो म्हणाला, "२०१२ ची युरो बघ. स्पेनची मॅच. आणि त्यानंतर रॉय कीन काय बोलला ते ऐक."

बघितलं, ऐकलं. आणि मग माझी नेहमीची सवय, एक धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवायचा. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी तो मूर्ख पॅडी. त्याला आपण फार चांगलं ओळखतो, कारण तो आपला सरदारजीच आहे. शाळेच्या बसमध्ये जे सरदारजीचे विनोद आपण ऐकले, सांगितले, फॉरवर्ड केले, त्यातले अर्धेअधिक इंग्लंडमध्ये आयरिश माणसावर सांगतात, अमेरिकेत पोलिश माणसावर, फ्रान्समध्ये बेल्जियनवर. फंक्शन तेच, फक्त पॅरामीटर बदलायचा. आणि गंमत म्हणजे खुद्द आयर्लंडमध्ये ते केरी परगण्यातल्या माणसावर सांगतात. केरीवाल्यांच्या विनोदांची पुस्तकं काढणाऱ्यांत एक नाव डेस मॅकहेल यांचं. हे कॉर्कच्या युनिव्हर्सिटीत गणिताचे प्राध्यापक, आणि जॉर्ज बूलचं चरित्र लिहिणारे तेच! आपण दिवसभर ज्या ट्रू-फॉल्सची भाकरी खातो तो बूल. जन्माने इंग्रज, लिंकनचा, पण १८४९ पासून मरेपर्यंत प्राध्यापकी केली ती कॉर्कमध्ये. (हे अवांतर आहे हे मला मान्य आहे. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे मला कोणीही सांगितलं नाही याचा सूड मी असा घेणार.)

ख्रिस्टी डेव्हिस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९९० साली देशोदेशींच्या अशा विनोदांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की मूर्खपणाचे विनोद आपण शत्रूवर करत नाही. ते आपल्यासारख्याच, पण कडेला राहणाऱ्या माणसावर करतो. त्यामागे द्वेष असतोच असं नाही. वाचताना पटतं. पण मग तारखा बघितल्या की घास अडकतो. १८८२ साली 'पंच' साप्ताहिकात टेनिएलने (हो, 'अ‍ॅलिस'ची चित्रं काढणारा तोच) आयरिश बंडखोर हा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस म्हणून काढला, हातात सुरा घेतलेला. त्या काळच्या व्यंगचित्रांत आयरिश माणसाचा जबडा माकडाचा असायचा. म्हणजे ज्याच्या देशावर आपण राज्य करतोय तो एक तर जनावर नाहीतर येडा. पुढे १९७१ मध्ये 'द कॉमेडियन्स' नावाचा कार्यक्रम ब्रिटिश टीव्हीवर आला आणि पॅडीचे विनोद घराघरांत गेले. सांगणाऱ्यांत बेलफास्टचा फ्रँक कार्सनही होता. आणि १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पब्समध्ये बाँब फुटले, २१ माणसं गेली, सहा आयरिश माणसांना पकडून जन्मठेप दिली, आणि ते निर्दोष आहेत हे कोर्टाने मान्य करायला १९९१ साल उजाडलं. त्या सतरा वर्षांत बर्मिंगहॅममधल्या एखाद्या कारखान्यात पॅडीचा विनोद ऐकताना आयरिश कामगार हसत असेलही. पण हसण्याशिवाय त्याच्याकडे दुसरा पर्याय काय होता?

१९९४ मध्ये उत्तर आयर्लंडहून आलेल्या एका कामगाराने हा प्रश्न सरळ ट्रायब्युनलपुढे नेला. रोज उठून हेच विनोद, आता बस. त्याला जवळजवळ सहा हजार पौंड भरपाई मिळाली. काही लोकांनी त्यावरही विनोद केले असणार, पैज लावतो.

पण आज? आज कॉर्कवाला हसला ते घाबरून नाही. आजचा आयर्लंड हा मोठमोठ्या टेक कंपन्यांच्या युरोपातल्या मुख्यालयांचा देश आहे. आपल्यातले निम्मे लोक तिकडच्या जॉब पोस्टिंग्ज बुकमार्क करून बसलेत. त्यामुळे 'पॅडी मठ्ठ' हा विनोद आता तारीख उलटलेल्या औषधासारखा झालाय. गुणही नाही, अपायही फारसा नाही.

आता फुटबॉलवाली कॉमेडी. यातला सगळ्यात जुना आणि टिकाऊ विनोद म्हणजे आजीचा. फिफाच्या नियमानुसार आजी-आजोबांपैकी एक जण त्या देशात जन्मलेला असला तरी खेळता येतं. १९८६ पासून जॅक चार्लटन आयर्लंडचे मॅनेजर होते. स्वतः इंग्रज, १९६६ चा वर्ल्ड कप इंग्लंडसाठी जिंकलेले. त्यांनी हा नियम पिळून काढला. १९८८ च्या युरोमध्ये स्टुटगार्टला आयर्लंडने इंग्लंडला १-० हरवलं तो गोल रे हाउटनचा, जन्म ग्लासगो. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीला १-० हरवलं तो गोलही त्याचाच. तेव्हाचा कॅप्टन अँडी टाउनसेंड इंग्लंडमध्ये जन्मलेला. मग इंग्लिश पबमधला विनोद ठरलेला: गिनेसचा एक ग्लास पिऊन दाखव, आयर्लंडची कॅप मिळेल. अशा खेळाडूंना, आणि एकूणच इंग्लंडमध्ये वाढून आयरिश म्हणवणाऱ्यांना, 'प्लास्टिक पॅडी' असं नाव आहे.

हा विनोद मला चांगला वाटायचा. आता तितकासा वाटत नाही, कारण त्यातली आजी गायब आहे. ती इंग्लंडला गेली कशाला? १९५० च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसं बाहेर पडली. देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास असताना! बहुतेक ब्रिटनला गेली. पुरुष रस्ते खणायला, बायका हॉस्पिटलांत नर्स म्हणून. त्यांची नातवंडं इंग्रजी उच्चार घेऊन आयर्लंडचा हिरवा शर्ट घालतात तेव्हा हसणाऱ्याला नियमातली पळवाट दिसते. कोकणातून मुंबईला गिरणीत आलेल्या आजोबांचा नातू गणपतीत गावी जातो आणि गावातली पोरं त्याला 'चाकरमानी आले' म्हणून चिडवतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे चिडवणारा गावातला नाही, गिरणीच्या मालकाच्या बाजूचा आहे. हॅरी केन, इंग्लंडचा कॅप्टन, त्याचे वडील गॉलवेचे. त्याला मात्र प्लास्टिक इंग्रज म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही.

टीव्हीवरची जी खरी चांगली कॉमेडी आहे तिथे मामला उलटा आहे. 'फादर टेड' बघितलं नसेल तर बघा, माझ्यावर विश्वास ठेवा. चॅनेल फोर या ब्रिटिश चॅनेलची मालिका, पण लिहिणारे लिनेहान आणि मॅथ्यूज आयरिश, नट आयरिश. १९९८ च्या एका भागात पंचाहत्तरीपुढच्या पाद्र्यांची इनडोअर फुटबॉल मॅच आहे. टेड रिमोटवर चालणारी व्हीलचेअर आणि खोटे हात लावून चीटिंग करतो. दारुडा पाद्री, येडा पाद्री, लबाड पाद्री, साच्यातला एकही दागिना सोडलेला नाही. तरी आयर्लंडमध्ये ती घरची मालिका आहे. पु.लं.नी पुणेकराची केली तशी ही खोडी. घरातल्या माणसाला सगळ्या खोल्या माहीत असतात, त्यामुळे कुठली काच फोडायची नाही हे त्याला कळतं.

आणि अ‍ॅलन पार्ट्रिज. हा तर मूळचा स्पोर्ट्स रिपोर्टरच. १९९४ च्या 'द डे टुडे'मध्ये फुटबॉलच्या गोलांवर तो जी अचाट कॉमेंट्री करतो ती अजूनही यूट्यूबवर लोक बघतात. १९९७ च्या एका भागात त्याला आयरिश टीव्हीचे दोन अधिकारी भेटायला येतात (काम केलंय लिनेहान आणि मॅथ्यूज यांनीच!) आणि हा त्यांच्यावर छाप पाडायला जातो. जातो आणि १८४५ च्या दुष्काळाचा विषय काढतो. ज्यात दहा लाख माणसं मेली त्या दुष्काळाबद्दल तो इतकं निर्बुद्ध काहीतरी बोलतो की समोरचे दोघं नुसते बघत राहतात. हसू येतं ते अ‍ॅलनचं. आपल्याला आयर्लंडबद्दल सगळं माहीत आहे असं समजणाऱ्या इंग्रजाचं. मग २०१९ मध्ये बीबीसीवर अ‍ॅलनसारखाच दिसणारा एक आयरिश शेतकरी आला, दोन्ही भूमिका स्टीव्ह कूगनच्याच, आणि त्याने लाइव्ह कार्यक्रमात ब्रिटिश सैन्याविरुद्धची बंडखोर गाणी म्हटली. कपडे, दात, केस, सगळा साचा तोच. आणि आयर्लंड खूश! कारण साच्यातल्या माणसाने साच्याबाहेरचं काम केलं होतं, आणि फजिती कार्यक्रमवाल्यांची झाली होती. कूगनचं घराणंही आयरिशच, मँचेस्टरजवळ वाढलेला.

म्हणजे कोण बोलतंय ते महत्त्वाचं, असा सोपा नियम काढता येईल. मी काढलाही होता. पण दोन गोष्टी त्यात बसत नाहीत.

एक म्हणजे जेसन ली. हा आयरिश नाही, नॉटिंगहॅम फॉरेस्टचा कृष्णवर्णीय स्ट्रायकर. १९९५-९६ च्या मोसमात 'फँटसी फुटबॉल लीग' या लाडक्या विनोदी कार्यक्रमात डेव्हिड बॅडील तोंडाला काळं फासून, डोक्यावर अननस लावून त्याची नक्कल करायचा. तो अननस मग स्टेडियममध्ये पोचला, तिथून शाळांच्या मैदानांवर. लीला आणि त्याच्या घरच्यांना तो वर्षानुवर्षं पुरला. बॅडीलने समोरासमोर बसून माफी मागितली ती २०२२ मध्ये, तीही ज्यूंवरच्या वंशद्वेषाबद्दलची स्वतःची डॉक्युमेंटरी करताना. ज्या माणसाला स्वतःच्या समाजावरचा विनोद कुठे लागतो ते अचूक कळत होतं, त्याला हे कळायला पंचवीसेक वर्षं लागली.

दुसरा जेम्स मॅक्लिन. डेरीच्या क्रेगन भागातला. ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश सैनिकांनी डेरीत निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, मेलेल्यांपैकी सहा जण क्रेगनचे होते. म्हणून तो नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैनिकांच्या स्मरणार्थ शर्टावर लावतात ते पॉपीचं फूल लावत नाही. इंग्लंडमधल्या मैदानांवर त्याला वर्षानुवर्षं काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची तक्रार एकच होती, की हीच शिवी दुसऱ्या कोणाला पडली असती तर वंशद्वेष म्हणून चौकशी झाली असती, आयरिश म्हटलं की सगळे म्हणतात चालतं रे, बँटर आहे. 'बँटर' म्हणजे त्यांचं 'ह. घ्या.' पन्नास वर्षं ज्याच्यावर विनोद करायची सवय लागली आहे त्याला दिलेली शिवीपण विनोदच वाटायला लागते, हा त्या पॅडीच्या विनोदांचा मागे राहिलेला खरा कचरा. मेमरी लीकसारखा. प्रोग्रॅम बंद झाला तरी जागा अडवून बसलेला.

आता कॉफी मशीनवर परत येतो. रॉय कीन.

१४ जून २०१२, ग्दान्स्क. स्पेन ४, आयर्लंड ०. शेवटची मिनिटं, आणि हजारो आयरिश लोक उभे राहून गातायत. दुष्काळावरचं गाणं, पोरांसाठी धान्य चोरलं म्हणून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या माणसाचं. यूट्यूबवर आहे, अंगावर काटा येतो. सगळं जग भारावलं. आणि ब्रिटिश चॅनेलवर बसलेला कीन, आयर्लंडचा माजी कॅप्टन, चिडला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की आपण इथे नुसतं गाणी म्हणायला आलो नाही, ही वृत्ती बदलायला हवी, खेळाडूंनीही आणि फॅन्सनीही. लोक खवळले. खडूस, घमेंडी, सणाच्या दिवशी रडणारा. आयर्लंड त्या स्पर्धेत तिन्ही मॅच हरला, नऊ गोल खाल्ले, एक मारला. पण आठवण राहिली गाण्याची. २०१६ ला तर पॅरिसच्या महापौरांनी आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड दोघांच्या फॅन्सना चांगल्या वागणुकीबद्दल शहराचं मेडल दिलं.

कीनचं हे दहा वर्षं आधीचंच दुखणं होतं. मे २००२, वर्ल्ड कपच्या आधी सायपान बेटावर कँप. सरावाचं मैदान दगडासारखं, सामान वेळेवर पोचलेलं नाही. कीन बोलला, भांडला, मॅनेजर मिक मॅकार्थीला नाही नाही ते सुनावलं आणि वर्ल्ड कप न खेळता घरी गेला. देशाची दोन तुकड्यांत फाळणी झाली, पंतप्रधानांनी मध्यस्थीची तयारी दाखवली. नंतर त्यावर २००५ मध्ये डब्लिनमध्ये संगीत फार्स निघाला, २०२५ मध्ये सिनेमा आला, त्यात मॅकार्थी झालाय आपला कूगन. कीन कसा बोलला हे चूकच, त्याबद्दल वाद नाही. पण तो काय मागत होता? चांगलं मैदान, वेळेवर बॉल. जिंकायला आलोय असं वागा, एवढंच.

कॉर्कवाल्याला ग्दान्स्क का लागलं ते मला तेव्हा कळलं. 'मठ्ठ पॅडी'ला उत्तर देता येतं, डिग्री दाखवता येते, उलट विनोद करता येतो. 'हरले तरी गातात' याला काय उत्तर देणार? ते कौतुक आहे. चिडलात तर तुम्हीच कृतघ्न. आणि त्या कौतुकात एक अट लपलेली आहे: तुम्ही हरत राहा, आम्हाला तुम्ही असेच आवडता.

कीनचं पुढे काय झालं ते तर अजून मजेशीर आहे. आज तो ब्रिटिश टीव्हीवरचा लोकप्रिय फुटबॉल पंडित आहे. दाढीवाला, डोळे वटारणारा. तो चिडला की बाजूला बसलेला मायका रिचर्ड्स हसून लोटपोट होतो आणि क्लिप व्हायरल होते. हसरा आयरिश व्हायला नकार दिलेल्या माणसाचा 'चिडका आयरिश' करून टाकला. तो स्वतःही आता त्यात हसत सामील होतो आणि चांगले पैसे मिळवतो. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण मॅच खराब झाली असं तो गंभीरपणे सांगत असतो तेव्हाही लोक हसायची वाट बघत असतात, हे बघायला मला आता अवघडतं.

आता माझं. त्याच वर्षी जुलैमध्ये आम्ही क्लायंटचा एक जुना डेटाबेस हलवत होतो. मी सहा पानांची नोट लिहिली होती, अमुक दोन टेबल्स एका रात्रीत हलणार नाहीत, रोलबॅकचा प्लॅन नाही, आठवडाभर थांबा. मीटिंगमध्ये एक मोठे साहेब प्रेमाने हसले. म्हणाले, "तुम्ही लोक काहीतरी करून जमवताच, नेहमीच जमवता." बाकीचेही हसले. मीसुद्धा हसलो, हे लिहून ठेवतो. शनिवारी रात्री दोनला ते कोसळलं, नेमकं त्याच टेबलांवर. रविवार संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं, मी आणि तो चिप्सवाला, बसून होतो. सोमवारी सगळ्यांना मेल आला. आमचं तोंडभरून कौतुक, हिरो वगैरे, आणि शेवटी एक वाक्य: एवढं होऊनही चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. माझ्या नोटचा उल्लेख नव्हता. वर्षाअखेरीच्या फीडबॅकमध्येही 'सदैव हसतमुख' होतं. पुढच्या डिझाइन टीमसाठी त्यांनी जी नावं निवडली त्यात आम्ही दोघं नव्हतो.

हे मी कॉर्कवाल्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ये, बस. कुठलं गाणं म्हणूया?"

तर माझं मत विचाराल तर, पॅडीच्या विनोदांवर बंदी वगैरे घालायची कल्पना मला हास्यास्पद वाटते. आपल्याकडे सरदारजींच्या विनोदांविरुद्ध २०१५ मध्ये एक शीख वकील बाई सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं की लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. बरोबरच आहे. फादर टेड बंद पडलेलं मला चालणार नाही. इंग्रजाने आयरिश माणसावर विनोद करूच नये असंही मी म्हणणार नाही, पबमधला तो डगआउटचा विनोद खरंच चांगला होता. पण ज्या साच्याबद्दल कोणी कधी तक्रार करत नाही, जो मेडल देऊन, खांद्यावर हात टाकून येतो, तो जास्त लागतो, आणि लागला असं म्हणायचा हक्क समोरच्याला आहे. कीनने तो वापरला म्हणून तो मला आवडतो. खडूस तर खडूस.

आणि एक राहिलं. आमच्या पुण्याच्या टीममध्ये एक शीख मुलगा आहे, लुधियानाचा. बारा वाजल्याचे विनोद मी त्याच्यासमोर मोप केलेत. तो हसायचा, परत दोन नवे सांगायचा. पण दरवर्षी अ‍ॅन्युअल डेला डीजेने पंजाबी गाणं लावलं की आम्ही सगळे "पाजी, पाजी" ओरडत त्याला मध्ये ढकलायचो, आणि दरवर्षी त्याचा गुडघा दुखायचा. आम्हाला वाटायचं भाव खातोय. हा तोच मुलगा आहे जो आमच्या टीममध्ये कर्नल लेव्हलचं डीबगिंग करू शकणारा एकमेव प्राणी आहे. अ‍ॅन्युअल डेला त्याला त्याबद्दल कधी कोणी स्टेजवर बोलावलेलं मला आठवत नाही.

यंदाही ते गाणं लागलं. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मी हातातली प्लेट ठेवली आणि मध्ये जाऊन एकटाच नाचलो. मी अत्यंत वाईट नाचतो. व्हिडिओ आहे, कृपया मागू नये. :-)